दिलेली तारीख आणि पाळलेली तारीख
(दूधविनायक, वाराणसी येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जात आली आहे. काशीच्या घाटांच्या आणि देवळांच्या बांधकामात मराठी घराण्यांचा मोठा वाटा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र ते दगड कोणी घडविले, कोणी वाहिले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. आज आपण त्या नाव नसलेल्या माणसाच्या वेळेविषयी बोलणार आहोत.

बांधकामाला उशीर झाला की वर्तमानपत्रात वाढलेल्या खर्चाचा आकडा छापून येतो. इतके कोटी होते, इतके झाले. परंतु उशिराची पहिली किंमत कामगार मोजतो आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. सळई आली नाही म्हणून दोन दिवस बसून काढले, तर रोजंदारीवरच्या माणसाचे ते दोन दिवस बुडाले. मग सळई आली की मुकादम सांगतो, आता रात्रपाळी करा, शुक्रवारी स्लॅब पडलाच पाहिजे. आधी बिनपगारी रिकामपण आणि नंतर जिवावरची धावपळ, ही एकाच बिघाडाची दोन तोंडे आहेत. तो बिघाड म्हणजे न पाळता येणारे वेळापत्रक.

वेळापत्रक करण्याचे शास्त्र नवे नाही. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत क्रांतिक मार्गाची आणि पर्टची पद्धत निघाली. कोणते काम कोणत्या कामानंतर, आणि कोणते अडले तर सगळे अडेल, हे त्यातून कागदावर मांडता येऊ लागले. तरीही कामे रेंगाळतच राहिली. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल या दोन अभ्यासकांनी १९९० नंतर एक साधा प्रश्न विचारला : या आठवड्यात करू म्हणून जी कामे कबूल केली, त्यांतली किती खरोखर पुरी झाली? त्यांनी पाहिलेल्या कामांवर उत्तर निघाले, सुमारे ५४ टक्के. म्हणजे दिलेल्या दोन शब्दांपैकी जेमतेम एक पाळला जात होता. हे नामांकित ठेकेदारांच्या कामांवरही घडत होते, हे विशेष.

याचे कारण कामगाराचा आळस नव्हे. काम सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी हजर असाव्या लागतात : नकाशा, माल, अवजारे व पराती, पुरेशी माणसे, काम करायला मोकळी जागा, परवानगी आणि आधीच्या गटाचे पुरे झालेले काम. यांतली एक जरी नसली तरी काम थांबते. वर बसून जो तक्ता तयार होतो, त्यात काम ‘व्हायला हवे’ असे लिहिलेले असते. ते ‘होऊ शकते’ का, हे फक्त जागेवरच्या माणसाला माहीत असते. आणि त्यालाच कोणी विचारत नाही.

याच गल्लीचे उदाहरण घेऊ. येथे ट्रक येत नाही. विटा, वाळू, राडारोडा खेचरांच्या पाठीवरून, हातगाडीने नाहीतर डोक्यावरून जातो. श्रावणातले सोमवार, कार्तिकातली गर्दी, महाशिवरात्र ही पंचांगात आधीच छापलेली असतात. गंगा पावसाळ्यात चढते हेही कोणी नव्याने सांगायला नको. राजघाटची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर ठरलेली आहे. असे असताना घाटालगतच्या कामाचा तक्ता बारा महिने सारखे मानून केला, तर उशीर गंगेमुळे झाला असे म्हणता येणार नाही. तो तक्ता करणाऱ्यामुळे झाला. जमिनीकडे दुर्लक्ष केल्याचा धडा तर येथून जवळच आहे. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला शिंदे घाट आपल्याच भाराने खचला होता.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या अनुभवातले कोकण रेल्वेचे काम पाहा. महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले, पाच वर्षांचे लक्ष्य होते, आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. रोहा ते मंगळूर सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. देशाला अभिमान वाटावा असेच हे काम आहे. परंतु गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झाले, आणि पेडण्यासारख्या मऊ मातीच्या बोगद्यांत खोदलेले पुन्हा पुन्हा ढासळले. त्या मार्गासाठी ७४ जणांनी प्राण दिले. जमीन सांगत असते की वेळ लागेल; ते ऐकून तारीख बदलणे हा पराभव नव्हे. न ऐकणे ही मात्र मनुष्यहानीला दिलेली संमती आहे.

वाराणसीकर १५ मे २०१८ ची संध्याकाळ विसरलेले नाहीत. कॅन्ट स्थानकाजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या तुळया खालच्या वाहत्या रस्त्यावर कोसळल्या आणि पंधराहून अधिक माणसे गेली. पुढे १ जून २०२१ रोजी विश्वनाथ परिसराच्या कामावरचे मजूर ज्या जीर्ण इमारतीत राहत होते ती कोसळून दोघे दगावले. या दोन्ही घटनांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तुळई चढविण्याचा दिवस तक्त्यात लिहिला जातो; मग खालचा रस्ता बंद करण्याचे काम, मजुराच्या निवाऱ्याची तपासणी, हीही त्याच तक्त्यातली कामे म्हणून लिहिली गेली पाहिजेत. जे तक्त्यात नाही त्याला वेळ मिळत नाही, पैसाही मिळत नाही.

सेंट्रिंगचेही तसेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सर्वसाधारणपणे ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस हलवू नयेत, असे भारतीय मानक सांगते. सळईने घालविलेले दोन दिवस टेकूतून वसूल करण्याचा मोह जेथे होतो, तेथे अपघाताचा पाया घातला जातो.

मग आपण काय मागायचे? पहिली गोष्ट, दर आठवड्याच्या नियोजनाच्या बैठकीत प्रत्येक गटाचा माणूस बसला पाहिजे : सुतारांचा, सळईवाल्यांचा, गवंड्यांचा, बिगाऱ्यांचा. दुसरी, माल, नकाशा वा जागा तयार नसेल तर ‘हे काम या आठवड्यात होणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क त्याला असला पाहिजे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याचे काम जाता कामा नये. तिसरी, कबूल केलेली दहा कामे असतील आणि सहा झाली असतील, तर उरलेल्या चारांचे कारण त्याच दिवशी वहीत लिहिले जावे. चौथी, कारण व्यवस्थापनाचे असेल तर बसून गेलेल्या दिवसाची मजुरी मिळावी.

येथे एक सावधगिरी हवी. हीच वही उद्या कामगारावर उगारली जाऊ शकते. साठ टक्क्यांवर आलेल्या मुकादमाला दंड झाला, तर पुढच्या आठवड्यात तो सोपी कामेच कबूल करील. आकडा नव्वदवर जाईल आणि इमारत जागच्या जागी राहील. म्हणून आकडा हा व्यवस्थेचा ताप मोजणारा आहे, माणसाला शिक्षा करणारा नव्हे, हे करारातच लिहून घेतले पाहिजे.

आणि थोडे आपल्याविषयीही. साहेबाने विचारले की आपण म्हणतो, ‘होऊन जाईल.’ ते होणार नाही हे आपल्याला तेव्हाच माहीत असते. तो होकार भीतीचा असतो. उद्या काम मिळेल की नाही या भीतीने दिलेला शब्द खोटा ठरतो, आणि त्या खोट्या शब्दावर पुढचे तीन गट आपले दिवस आखतात. नाक्यावर उभा राहणारा एकटा माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच संघटना हवी. जादा कामाला दुप्पट वेतन हे तत्त्व बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात आले आणि २०२० च्या संहितेतही आहे. पण हजेरीची वही आपल्या हाती नसेल तर ते तत्त्व कागदावरच राहते.

बंधू-भगिनींनो, काम वेळेवर व्हावे असे आपल्यालाही वाटते. रेंगाळलेल्या कामात कामगाराचे कधीच हित झालेले नाही. फक्त तारीख कोणी एकट्याने ठरवू नये, आणि ती पाळण्याची किंमत एकट्याने मोजायला लागू नये. येत्या आठवड्यापासून प्रत्येकाने आपल्या कामावर एक साधी वही सुरू करावी : काय कबूल केले, काय झाले, काय अडले. पुढच्या बैठकीला येताना ती वही सोबत आणावी. मालकाशी बोलणी करायला बसू तेव्हा पहिला कागद तोच असेल.