पैठणीवरचा उजेड

पैठणीच्या दुकानात गिऱ्हाईक पदर उलगडून दाराशी नेतं, कारण आतल्या दिव्याखाली रंग खरा दिसेलच असं नाही. म्हणून ट्रॅकलाइट घेताना वॅटच्या आधी सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, विचारावा. कापडासाठी तो 90च्या वर हवा. गडद लाल किती खरा दिसतो ते सांगणारा आर-9 हा आकडाही पाहावा.

खरी अडचण येते ती प्रकाश मंद करताना.

दिवा, त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि उजेड कमी-जास्त करणारा डिमर एकमेकांशी जुळले नाहीत, तर उजेड उतरवताच दिवे लुकलुकतात. म्हणून खरेदीआधी तिन्ही एकत्र जोडून, अगदी कमी उजेडावर चालवून पाहावेत. मोठ्या दालनाला डाली, म्हणजे डिजिटल आज्ञांनी दिवे चालवण्याची पद्धत, सोयीची. तिच्या एका जोडणीवर 64 ड्रायव्हरना स्वतंत्र आज्ञा देता येतात.

संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर साधारण 50 लक्सच प्रकाश ठेवतात. कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. दुकानात कायम मांडून ठेवलेल्या पैठणीवरही गिऱ्हाईक नसताना दिवे मंदच ठेवावेत.