हसविणाऱ्याचे मोल
(इंद्रवेल्ली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



कोणत्याही जुन्या ग्रंथालयात विनोदी वाङ्मयाचे कपाट ओळखणे अवघड नसते. जिथे पुस्तकांचे पुठ्ठे सैल झालेले आणि पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ पडलेले दिसतात, तिथे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, चिं. वि. जोशी आणि पु. ल. देशपांडे यांचे वास्तव्य असते. देवघेवीच्या वहीत या लेखकांची नावे सतत येतात. वाङ्मयीन चर्चेत मात्र विनोदाला पंगतीच्या शेवटी पान मांडले जाते. जी गत विनोदी लेखकाची, तीच विनोदी नटाची. किंबहुना नटाची अधिक बिकट. लेखकाचे पुस्तक उरते, नटाचा हशा त्याच क्षणी विरून जातो. रंगभूमीवर विदूषक म्हणून पाऊल टाकून पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांत अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिलेल्या अशोक सराफ यांच्या वाटचालीकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

हा विचार इंद्रवेल्लीत मांडण्याला एक औचित्य आहे. दिवाळीच्या दिवसांत या परिसरातील गोंड वस्त्यांतून दंडारीचे मेळे निघतात. डोक्यावर मोरपिसांचा भरदार मुकुट, अंगाला राख, दाढी, हातात काठी अशा वेषातला गुस्साडी गावोगाव नाचतो आणि आपल्या चाळ्यांनी लहानथोरांना हसवितो. मात्र तो केवळ हसविणारा नव्हे. त्या दिवसांत तो व्रतस्थ असतो, स्नान करीत नाही आणि त्याच्या काठीच्या स्पर्शाने पीडा टळते अशी श्रद्धा आहे. मार्लवाईचे गुस्साडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ लाभली. हसविणारा आणि पूज्य, या दोन गोष्टी येथे एकाच देहात नांदतात. नागर मराठी समाजाला ही सांगड घालायला फार वेळ लागला.

वास्तविक आपली परंपरा याहून निराळी नव्हती. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र होता. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय हसवितो खरा, पण चारुदत्ताच्या दारिद्र्यात त्याची साथ न सोडणाराही तोच. तमाशातला सोंगाड्या तर पाटलापासून राजापर्यंत सर्वांची फिरकी घेण्याचा अधिकार बाळगून असे. दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार आठवावा. त्याच्या अडाणीपणाला लोक हसत. पण त्या अडाणीपणाआडून तो दरबाराचे वाभाडे काढी. पुढे नाटकाच्या पेशात आणि चित्रपटाच्या व्यवहारात ‘विनोदी नट’ हे एक वेगळे खाते झाले. नायकाने प्रेम करावे, खलनायकाने कट करावा आणि मधल्या वेळेत याने हसवावे, अशी वाटणी ठरून गेली.

अशोक सराफ यांचा जन्म ४ जून १९४७ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे बेळगावचे, म्हणजे दुसऱ्या एका सीमाभागातले. मामा गोपीनाथ सावकार हे रंगभूमीवरील मान्यवर. विशीच्या आसपास त्यांना व्यावसायिक रंगभूमीवर पहिली लक्षणीय भूमिका मिळाली, ती वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’तल्या विदूषकाची. आरंभच विदूषकाने व्हावा, हा योग सूचक म्हटला पाहिजे. शिरवाडकरांच्या भाषेचा भार पेलीत, संगीत नाटकाच्या शिस्तीत हसवायचे म्हणजे उच्चार स्वच्छ हवा आणि विरामाचे भान नेमके हवे. ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली. बँकेतली नोकरी सांभाळून नाटके करण्याची त्या काळच्या अनेक मराठी नटांची रीत त्यांनीही बरीच वर्षे पाळली.

चित्रपटात त्यांचे नाव घरोघर पोहोचविले ते १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ने. दादा कोंडके स्वतः लोकनाट्याच्या फडातून आलेले. ‘विच्छा माझी पुरी करा’ने गाजलेले. अशा कसलेल्या सोंगाड्यासमोर उभे राहून आपली जागा निर्माण करणे सोपे नव्हते. सराफ यांनी दादांच्या आघाताला आघाताने उत्तर दिले नाही. त्यांनी ऐकण्याचा अभिनय केला. समोरच्याचे वाक्य चेहऱ्यावर झेलायचे, क्षणभर मुरू द्यायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही त्यांची पद्धत. १९७७ च्या ‘राम राम गंगाराम’मधला म्हमद्या खाटीक याच रीतीने लोकांच्या ध्यानात राहिला.

चित्रपटातील विनोदाची एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. नाटकात हशा समोरून येतो. तो ओसरेपर्यंत नट थांबतो. कॅमेऱ्यासमोर मात्र हसणारे कोणी नसते. हशा कुठे येईल याचा अदमास बांधून तेवढी जागा आधीच सोडावी लागते. ती कमी पडली तर पुढचे वाक्य हशात बुडते, अधिक झाली तर प्रसंग लुळा पडतो. हा हिशेब रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेल्या नटालाच साधतो. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’चे उदाहरण घेता येईल. सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे स्त्रीवेषात धमाल करीत असताना सराफ यांचा धनंजय माने या साऱ्या बनावाची गाठ सांभाळीत असतो. गोंधळ इतरांचा, घाम मात्र त्याचा. हशाचा मोठा वाटा दुसऱ्यांना देऊन प्रसंग तोलून धरणे हे विनोदी नटाचे मोठेपण होय.

तरीही हे यश एक प्रकारचा पिंजराही होते. प्रेक्षक एकदा हसला की तो त्या चेहऱ्याकडून केवळ हसूच मागतो. सराफ यांनी ही कोंडी अधूनमधून फोडली. अनिल बर्वे यांच्या ‘हमिदाबाईची कोठी’ या विजया मेहता दिग्दर्शित नाटकात त्यांनी रंगविलेला लुक्का हसू आणि दाहकता यांच्या सीमेवर उभा होता. १९९४ च्या ‘वजीर’मध्ये ते राजकारणाच्या पटावर वावरले आणि त्याच सुमारास, उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘भस्म’मध्ये त्यांनी समाजाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे दुःख उभे केले. या भूमिकांची वाखाणणी झाली. पण लोकांच्या ओठांवर नावे राहिली ती विनोदी भूमिकांचीच.

या कोंडीची किंमत किती असते हे त्यांचे सहकलाकार लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या उदाहरणावरून उमगते. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता लहानसहान भूमिका करणारा हा नट १९८३ च्या ‘टुरटुर’ने उजेडात आला आणि ‘धुमधडाका’नंतर मराठी चित्रपटाचा हुकमी एक्का झाला. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ने तो हिंदीत पोहोचला. तो चित्रपट तेलुगूत ‘प्रेम पावुरालु’ या नावाने आला, तेव्हा चेहरा लक्ष्मीकांतचा आणि जिव्हा दुसऱ्याची, असा प्रकार झाला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना त्यातील गंमत आणि खंत दोन्ही कळेल. १९९२ साली डॉ. जब्बार पटेल यांनी पु. लं.च्या पटकथेवर ‘एक होता विदूषक’ काढला. तमाशाच्या फडातला सोंगाड्या पडद्यावरचा लोकप्रिय नट होतो, राजकारणापर्यंत जातो आणि या चढणीत आपल्या माणसांना दुरावतो, ही त्याची कथा. लक्ष्मीकांतने त्यात जीव ओतला. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला; परंतु प्रेक्षकांची गर्दी झाली नाही. ज्याला पाहून हसायचे त्याला रडताना पाहण्याची प्रेक्षकांची तयारी नव्हती. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, हा नट गेला. दोष चित्रपटाचा की पाहणाऱ्यांचा, हा प्रश्न तो मागे ठेवून गेला.

सराफ यांच्या वाट्याला दीर्घ आयुष्य आले आणि नवे माध्यमही आले. १९९५ साली खाजगी वाहिनीवर ‘हम पांच’ ही हिंदी मालिका सुरू झाली. पाच मुली, संसारात नव्याने आलेली पत्नी आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी दिवंगत पत्नी यांच्या कचाट्यात सापडलेला आनंद माथुर त्यांनी साकारला. प्रिया तेंडुलकर यांनी ती तसबीर बोलकी केली. दूरचित्रवाणीचा पडदा लहान; तिथे हातवारे बटबटीत वाटतात, भुवई उंचावली तरी पुरते. रंगभूमीवरचा मोठा आवाज आणि चित्रपटातली धावपळ मागे ठेवून सराफ यांनी हतबलतेतून विनोद निर्माण केला. एका मराठी नटाचा हैराण बाप साऱ्या हिंदी मुलखाला आपल्याच घरातला वाटला. हे नट जागा बदलतात तेव्हा आपली कलाही नव्याने मापून घेतात, त्याचे हे उत्तम उदाहरण. २०२४ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, ‘अशोक मा. मा.’ या मराठी मालिकेतून ते पुन्हा रोजच्या प्रेक्षकासमोर आले.

आज वाट उलटी झाली आहे. भाऊ कदम यांच्यासारखे नट दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांतून घराघरांत पोहोचतात आणि तेथून चित्रपटाकडे वळतात. २०२१ च्या ‘पांडू’त त्यांनी हवालदाराचा तोच जुना गणवेश चढविला. आठवड्याला नवे प्रहसन द्यायचे, म्हणजे मुरण्याला अवकाश कमी. एका विदूषकावर प्रयोगामागून प्रयोग मेहनत घेण्याची चैन या पिढीला नाही. तिच्याकडून अपेक्षा बाळगताना रसिकांनी हेही ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्र शासनाचा पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार १९९६ साली पु. ल. देशपांडे यांना, म्हणजे एका विनोदकारालाच, मिळाला होता. २०२३ सालचा तोच सन्मान अशोक सराफ यांच्या वाट्याला आला आणि २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ही. उशिरा का होईना, हसविणाऱ्याला मखरात बसविण्याची बुद्धी समाजाला झाली. पण मखर हा काही शेवट नव्हे. सराफ यांचे ‘मी बहुरूपी’ हे आत्मकथन आता वाचकांसमोर आहे. ग्रंथालयाने ते विनोदाच्या खणात ठेवू नये. श्रेष्ठ नटांच्या चरित्रांशेजारी ठेवावे. खण बदलणे ही ग्रंथपालाच्या दृष्टीने क्षुल्लक बाब असेल. रसिकतेच्या दृष्टीने ती शंभर वर्षे रखडलेली दुरुस्ती आहे. दिवाळीत गुस्साडीला हसणारी आणि त्याच हसऱ्या मुद्रेने त्याच्यापुढे हात जोडणारी या भूमीतील माणसे ती दुरुस्ती केव्हाच करून बसली आहेत.