सूक्ष्मजीव इंधन घट : सांडपाण्यातून वीज



शहरांच्या सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांत रासायनिक ऊर्जा साठलेली असते. प्रचलित शुद्धीकरणात ती वाया जाते. शिवाय जिवाणूंना ऑक्सिजन मिळावा म्हणून पाण्यात हवा सोडण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वीज खर्च होते. या उलट्या हिशेबाला ‘सूक्ष्मजीव इंधन घट’ हे तंत्र पर्याय देऊ पाहते.

जिवाणू अन्नाचे ऑक्सिडीकरण करतात तेव्हा इलेक्ट्रॉन मुक्त होतात. घटातील ॲनोडच्या कप्प्यात ऑक्सिजन नसल्याने हे इलेक्ट्रॉन ॲनोडला दिले जातात. तेथून ते बाह्य तारेतून कॅथोडकडे वाहतात; तीच वीज होय. कॅथोडवर इलेक्ट्रॉन, हायड्रोजन आयन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होते.

इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल पॉटर यांनी १९११ मध्येच सूक्ष्मजीवांपासून विद्युतप्रवाह मिळवून दाखविला होता. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात ‘जिओबॅक्टर’ जिवाणू आढळला. तो लोहाच्या ऑक्साइडला इलेक्ट्रॉन देतो. त्याच गुणामुळे तो विद्युतअग्रालाही इलेक्ट्रॉन देऊ शकतो.

तथापि, जिओबॅक्टर एकटा सांडपाणी पचवू शकत नाही. किण्वन करणारे जिवाणू पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांचे विघटन करून ॲसिटेट तयार करतात. काही जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवितात. त्यानंतर ॲनोडवरील जैवपटलातील जिओबॅक्टर ॲसिटेटचे ऑक्सिडीकरण करतो. ॲसिटेटच्या एका रेणूपासून ८ इलेक्ट्रॉन मिळतात. याच ॲसिटेटवर मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीवही हक्क सांगतात. ते वरचढ ठरले, तर वीज घटते. म्हणून घटाची कार्यक्षमता या समुदायाच्या समतोलावर अवलंबून असते.

मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. एका घटाचा दाब १ व्होल्टहूनही कमी असतो. अनेक घट एकसर जोडल्यास दुर्बल घटाची ध्रुवीयता उलटू शकते. विद्युतअग्रे व पटल यांचा खर्चही मोठा आहे. २०१५ मध्ये ब्रिस्टल येथील विद्यापीठाच्या आवारात मूत्रावर चालणाऱ्या घटांनी स्वच्छतागृहातील दिवे उजळले. परंतु शहराला वीज पुरविणे ही फार दूरची गोष्ट आहे.

या तंत्राचे खरे मोल वीजविक्रीपेक्षा वीजबचतीत आहे. विजेअभावी शुद्धीकरण केंद्र बंद पडले, तर घाण पाणी नदीत जाते आणि त्याची किंमत नदीकाठची गावे मोजतात. शुद्धीकरणाचा विजेवरील भार हलका करणारे प्रत्येक संशोधन म्हणूनच सार्वजनिक आरोग्याशी निगडित आहे.