दिल, जिगर आणि साखर



उर्दू शायरीत ‘दिल’ आणि ‘जिगर’ ही जोडी सदैव एकत्र नांदते. दिल म्हणजे हृदय आणि जिगर म्हणजे खरे तर यकृत. आपल्याकडे धास्तावते ते काळीज आणि मटणाच्या दुकानात मिळते ती कलेजी, हे शब्दही एकाच घरातले. कवींनी भावनेच्या भरात बांधलेली ही गाठ वैद्यकशास्त्राने वेगळ्या अर्थाने खरी ठरवली आहे. रात्री पोट रिकामे असताना रक्तात साखर सोडण्याचे काम यकृत करते. यकृतात चरबी साठली, की ते इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि उपाशीपोटीची साखर चढू लागते. अशा माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धोका असतो. आज बोलायचे आहे ते हृदयाची दुरुस्ती झालेल्या, पण साखरेकडे लक्ष न गेलेल्या माणसांविषयी.

१९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी बायपास शस्त्रक्रियेला दिशा दिली. १९७७ मध्ये झुरिकला डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने रक्तवाहिनी उघडली. तीच हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी. आज आपल्या नात्यागोत्यात स्टेंट बसवलेला एखादा तरी माणूस असतोच. तो घरी येतो, नातेवाईक नारळ-फळे घेऊन भेटायला येतात आणि सगळे म्हणतात, ‘चला, सुटलात!’ पण स्टेंटने मोकळी होते ती वाहिनीतली एक जागा. ती ज्या कारणांनी तुंबली, ती कारणे त्याच माणसाबरोबर रिक्षात बसून घरी येतात. साखर हे त्यातले मोठे कारण. मधुमेह असेल तर स्टेंटची जागा पुन्हा अरुंद होण्याची शक्यता वाढते. शिवाय मज्जातंतू बधिर झाल्याने पुढचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.

स्वीडनमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि मधुमेहाचे निदान नसलेल्या १८१ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी सोडताना ग्लुकोजचे पाणी पाजून त्यांचे रक्त तपासले, तेव्हा ३१ टक्के रुग्णांना मधुमेह निघाला आणि आणखी ३५ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे तिघांतले दोघे!

हा उंबरठा ओळखायचा कसा? उपाशीपोटी साखर १०० ते १२५, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ५.७ ते ६.४, म्हणजे उंबरठा. त्यापुढे मधुमेह. मात्र एक पथ्य आहे. झटक्याच्या किंवा शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर तात्पुरती वाढते आणि रक्त चढवले असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पुन्हा तपासणी करून घ्यावी.

आमच्या ओळखीचे एक शिंपीकाका आहेत. वय बावन्न असताना त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तीन वर्षांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा साखर तपासली, तीनशेच्या वर! जुनी फाईल काढली, तर घरी सोडतानाच्या कागदावर उपाशीपोटीची साखर ११८ स्वच्छ लिहिलेली. त्या आकड्याविषयी त्यांना कोणी काही सांगितले नव्हते.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी जोखमीचे एक साधे कोष्टक मांडले. त्याला रक्त लागत नाही, टेप लागते. काकांचेच गणित पाहा. पन्नाशी ओलांडली, ३० गुण. कंबर ९६ सेंटिमीटर, १० गुण. दिवसभर मशीनवर बसून काम आणि व्यायाम शून्य, ३० गुण. आईला मधुमेह, १० गुण. बेरीज ८०. साठ किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. साऱ्या गावाची कंबर मोजणाऱ्या माणसाने ती टेप कधी स्वतःभोवती धरली नव्हती. हे कोष्टक सर्वसाधारण लोकांसाठी आहे. हृदयरुग्णाने गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नये. त्याने रक्त तपासावेच. रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि कमी झालेले चांगले कोलेस्टेरॉल, या खुणाही डॉक्टर पाहतात.

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण बोलके आहे. २००४ मध्ये ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचे प्रमाण दोघांचे सारखेच. पण शरीरातली चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के!

आता एक नाजूक गोष्ट. हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी मधुमेहाची शक्यता किंचित वाढते. २०१० च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली, तर एकाला जादा मधुमेह होतो. पण हृदयरुग्णाला त्या गोळीने मिळणारे संरक्षण याहून कितीतरी मोठे आहे. तेव्हा हे ऐकून कोणी गोळी बंद करू नये. गोळी घ्यावी आणि साखरेवर नजर ठेवावी.

ज्योतिषाने सांगितलेले टळत नाही म्हणतात. डॉक्टरांचे भाकीत मात्र टाळण्यासाठीच असते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील भारतीय अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांपैकी नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांकडे नेटाने लक्ष दिलेल्या गटात हेच प्रमाण ३९ टक्के होते. शंभरातली सोळा माणसे केवळ पायांच्या आणि जिभेच्या जोरावर वाचली. दिवाळीचा लाडू असो की ईदचा शीरखुर्मा, वाटी लहान करता येते. रमजानचे रोजे धरणाऱ्या हृदयरुग्णाने आधी डॉक्टरांशी बोलावे आणि इफ्तारला सरबतांचे पेले रिचवू नयेत.

श्रोतेहो, आपल्या घरात कोणाचे हृदय दुरुस्त झाले असेल, तर आज कपाटातली ती फाईल काढा. साखरेचा आकडा शोधा. तो शंभराच्या वर असेल, किंवा कुठेच नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारा. आणि आकडा चांगला आला, तरी दर वर्षी एकदा विचारत राहा.