बर्फावरची मासेमारी: आधी हात सांभाळा!

कॅनडात टोरोंटोच्या उत्तरेला सिम्को नावाचं मोठं तळं आहे. हिवाळ्यात ते गोठतं आणि लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. पहिल्या वर्षी मीही गेलो, जाडजूड हातमोजे घालून. मासा सोडवताना ते भिजले आणि थोड्याच वेळात बोटं लाकडासारखी!

चूक कुठे झाली? अहो, थंडीपेक्षा ओल वाईट. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता खेचतं. म्हणून आता मासा हाताळताना मी हातमोजे काढतो, हात टॉवेलने कोरडे करतो, मगच परत घालतो. एक कोरडी जोडी जॅकेटच्या आत असतेच. आणि टोपी विसरू नका. अंग गार पडलं, की शरीर बोटांचा रक्तपुरवठा कमी करतं.

बोटं बधिर झाली तर चोळू नका, शेगडीवरही धरू नका. चटका बसलेला कळतच नाही. काखेत धरा. बोटं पांढरी पडली आणि जाणीव परत येईना, तर गळ आवरा आणि सरळ डॉक्टर गाठा. मासा काय, उद्याही मिळेल!

भेटू पुढच्या भागात.