ख्यालीखुशाली : लिहून की बोलून?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी निवडलेला विषय काहींना किरकोळ वाटेल. दूर असलेल्या आपल्या माणसाची ख्यालीखुशाली फोनवरून विचारावी की लिहून कळवावी, असा तो प्रश्न आहे. परंतु आपण कानपूरकर मराठी माणसे आहोत. आपली अर्धी नाती अंतरावरच जगली आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्यापुरता तरी किरकोळ नव्हे.

मी १९७३ साली नोकरीनिमित्त येथे आलो, तेव्हा निवड करण्याची सोयच नव्हती. घरोघरी पोस्टकार्ड आणि आंतर्देशीय पत्र यांवर संसार चालत. वर 'श्री', मग 'तीर्थरूप' किंवा 'चिरंजीव', 'इकडील सर्व क्षेम', आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा, ही विनंती'. पत्त्याखाली सहा आकडी पिन कोड लिहिण्याची सवय तेव्हा नुकतीच लागत होती. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून आली, हे येथील तरुणांना ठाऊक असावे. टपालखात्यातील हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते.

फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो नोंदवून ताटकळत बसायचे, आणि लागला की घसा फोडून ओरडायचे. तीन मिनिटे संपत आली की ऑपरेटरचा आवाज मध्ये येई आणि मनातले मनातच राही. तार आली तर ती उघडण्यापूर्वीच घरातील बायका डोळ्यांना पदर लावीत. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

ग्राहकाने स्वतः फिरवून दुसऱ्या गावी फोन लावण्याची, म्हणजे एस.टी.डी.ची सोय आपल्या देशात प्रथम १९६० साली झाली, ती आपल्याच कानपूर आणि लखनौ या शहरांमध्ये. मात्र सामान्य माणसाच्या हाती ती आली पिवळ्या पाट्यांच्या बूथमुळे, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. रात्री उशिरा दर चौथाईवर येत, म्हणून आपण थंडीत मफलर गुंडाळून रांगेत उभे राहत असू. आपल्यापैकी पुष्कळांची ओळख त्या रांगेतच झाली आहे.

मी स्वतः लिहिणारा माणूस. फोनवर मला शब्द सुचत नाहीत. लिहिताना विचार करता येतो, खोडता येते. माझी पत्नी नेमकी उलट. "आवाज ऐकल्याशिवाय माणूस भेटल्यासारखा वाटत नाही," असे ती म्हणे. या वादात आपणच शहाणे असे मी बरीच वर्षे समजत होतो. १९८९ च्या दिवाळीत तो समज गेला.

माझी आई साताऱ्याकडे एकटी राहत असे. तिला अक्षरओळख बेताचीच. तिची पत्रे शेजारची एक शाळकरी मुलगी लिहून देई. दर पंधरवड्याला कार्ड येई आणि त्यात 'माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी' हे वाक्य ठरलेले असे. मी ते वाचून निश्चिंत होत असे. पाडव्याच्या सकाळी पत्नीने हट्ट धरला की आज बूथवर जाऊन सासूबाईंशी बोलायचेच. दिवसाचा पूर्ण दर, म्हणून मी कुरकुरत गेलो. शेजारच्यांच्या घरी फोन लावला. त्यांनी आईला बोलावून आणले. केवळ दोन घरे ओलांडून ती आली होती, आणि तेवढ्याने तिला धाप लागली होती. मीटरवरचे तांबडे आकडे पळत होते आणि मला तिच्या शब्दांपेक्षा तिचा श्वासच अधिक ऐकू येत होता. "बरी आहे रे मी," ती म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी मी गावी पोहोचलो. तिचे पाय सुजले होते. डॉक्टरांनी हृदयाचा विकार सांगितला. उपचार झाले, तिला येथे आणले, आणि ती आणखी तीन वर्षे आमच्याजवळ राहिली. "पत्रात का नाही कळवलेस?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "लिहिणारी पोर परक्याची. तिच्याकडून कसली गाऱ्हाणी लिहवून घेऊ?" मी पत्रावर विसंबलो होतो, कारण पत्र माझ्या सोयीचे होते. तिच्या सोयीचे ते कधीच नव्हते.

मग फोनचीच बाजू खरी म्हणावी काय? तसेही नाही. पुढे मोबाईल आला. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला पहिला फोन केला. आरंभी आलेल्या फोनाचेही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले. तोवर आपण दोनदा घंटी वाजवून फोन ठेवण्याची भाषा शिकलो होतो : 'सुखरूप पोहोचलो.' लघुसंदेश आले, पण देवनागरीला तेथे जागा अपुरी. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजली जाई. म्हणून आपली मुले मराठी रोमन लिपीत लिहू लागली, आणि आपण त्यांना बोल लावीत राहिलो.

माझी पत्नी सात वर्षांपूर्वी गेली. चाळीस वर्षांत आम्ही फोनवर किती बोललो असू! त्यातले एक वाक्यही आज माझ्यापाशी नाही. उरली आहेत ती १९७७ साली बाळंतपणासाठी माहेरी गेली असताना तिने नाइलाजाने लिहिलेली सहा पत्रे, आणि तिच्या जुन्या मोबाईलमधून मला आलेले काही संदेश. 'दूध तापवून ठेवा. किल्ली शेजारी आहे.' एवढेच. पण ते मी पुन्हा वाचू शकतो. लिहिणे जिला आवडत नसे, तिचे लिहिलेलेच माझ्याजवळ राहिले.

आता एक कबुली देतो आणि थांबतो. गेल्या कोजागिरीला पावसामुळे ऐनवेळी आपण जागा बदलली. संदेश मीच मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. पाच मिनिटांत तीस-चाळीस अंगठे उमटले आणि सर्वांना कळले, असे मी धरून चाललो. आपल्या एक वयोवृद्ध सभासद साधा फोन वापरतात. त्या मसाला दुधासाठी चारोळी घेऊन रिक्षाने जुन्या जागी गेल्या, अंधारात फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले, तेव्हा दारोदार फिरून निमंत्रण देणाऱ्यांत त्या होत्या. मी क्षमा मागायला गेलो. त्या एवढेच म्हणाल्या, "मला वाटलं, मंडळ बंद झालं की काय."

ज्या चुकीची शिक्षा माझ्या आईने मूकपणे भोगली, तीच चूक मी तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा केली. आवड ज्याची त्याची असते. तरुण मंडळींना अवेळी आलेला फोन जाचक वाटतो, तेही मी समजू शकतो. परंतु साधन निवडताना आपली आवड दुय्यम, घेणाऱ्याची गरज मुख्य.

म्हणून कार्यकारिणीला माझी सूचना आहे की सभासदांच्या नोंदवहीत आणखी एक रकाना आखावा : 'निरोप कसा हवा?' कुणी लिहील संदेश, कुणी फोन, कुणी म्हणेल दारावर या. या तिसऱ्या प्रकारच्या निरोपांचे काम, पाय चालताहेत तोवर, मी स्वीकारतो. पहिले घर कोणते, ते मला माहीत आहे.