पाय टेकवायची घाई नको
(धसई येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले बोलणे)



मागच्या पावसात मी शेताच्या बांधावरून घसरले आणि घोटा मोडला. ऑपरेशन झालं, पट्टी-स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं, मला वाटलं, झालं बरं! चूक इथेच होते. स्क्रू हाड फक्त धरून ठेवतो, जुळायला वेळ लागतोच. एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच पाय टेकवा.

तोवर झोपताना पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बोटं हलवत राहा. चालायला लागलात की काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. संध्याकाळची सूज काही महिने राहते, घाबरू नका. पण पोटरी सुजून दुखली, जखमेतून पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखलं, दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा.

बाई घाई करते ती हौसेने नाही. आवणी, पाणी, गुरं कोण बघणार, या काळजीने करते. माझ्या घरी आई होती. जिच्या घरी कोणी नाही, तिचं काय? म्हणून मागणं एवढंच: गटातल्या कुणाचं हाड मोडलं, तर बैठकीत पहिला विषय तोच घ्या. सहा आठवडे तिचं पाणी कोण भरणार, त्याच्या पाळ्या लावा. हप्त्यालाही थोडी सवड द्या.

बचत पैशांचीच नसते, बायांनो. एकमेकींचे पायही जपायचे असतात.